एक हात राहिलाय

माझ्या साडूंनी आयुष्यात एकही काम अर्धवट सोडलं नाही आणि एकही पुरं केलं नाही. ही दोन विधानं एकमेकांना कापतात असं ज्यांना वाटेल त्यांनी लाकडाला पॉलिश होताना पाहिलेलं नसावं, निदान माझ्या साडूंच्या हातून तरी नसावं. साडू हे नातं तसं अवघडच. भाऊ जन्माने मिळतो, मित्र आपण जोडतो. साडू मात्र दोन बहिणींच्या लग्नांतून परस्पर तयार होतो, आणि मग दोन अनोळखी पुरुष सासुरवाडीच्या सतरंजीवर शेजारीशेजारी बसून एकमेकांच्या नोकरीची चौकशी करतात. आम्हीही तेच केलं. ते अंबरनाथला काडेपेट्यांच्या कारखान्यात होते, मी मुंबईत एका सरकारी कचेरीत. "आमच्याकडे काड्यांना गुल लावतात," ते म्हणाले. "आमच्याकडे कागदांना टाचण्या," मी म्हणालो. यानंतर बोलण्यासारखं काही उरलं नाही. तेव्हा त्यांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली एक फळी काढली, माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "ओठ लावून बघा." माझ्या लग्नाला तेव्हा चार दिवस झाले होते. सासुरवाडीत सांगतील ते करायचं, एवढं मला घरून शिकवलेलं होतं. मी फळीला ओठ लावला. "ओली वाटते?" मी नाही म्हणालो. त्यांनी स्वतः लावून पाहिला, डोळे मिटून थोडा वेळ विचार केला आणि फळी पुन्हा गुंडाळून ठेवली. "एक हात राहिलाय," ते म्हणाले.

हे वाक्य मी त्यानंतर पंधरा-सोळा वर्षं ऐकलं. पॉलिशवाले एका थराला एक हात म्हणतात. टेबलाखुर्चीला चार हात मारले की लोक खूश असतात. साडूंच्या लेखी चार हात म्हणजे लाकडाशी नुसती तोंडओळख. त्यांचं काम मुळात टेबलाखुर्चीचं नव्हतंच. ते दारावरच्या नावाच्या पाट्या करायचे. रेडिओ दुरुस्त करणारे वापरतात तसलं सोल्डरिंग आयर्न घ्यायचं, त्याचं टोक कानशीने घासून बोरूसारखं तिरकं करायचं, तापवायचं आणि लाकडावर जाळत जाळत लिहायचं. शाई नाही, ब्रश नाही. अक्षर म्हणजे लाकडात उतरलेली एक काळी चर. दिवसभर लाकडाच्या टोकाला आग चिकटवून पोट भरणाऱ्या माणसाने संध्याकाळी आगीच्या टोकाने लाकडावर लिहावं, यात मला फार खोल अर्थ दिसायचा. एकदा मी तो त्यांना सांगितला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग म्हणाले, "काडीचं लाकूड सावरीचं असतं. त्याच्यावर अक्षर फाटतं. आपल्याला शिवणच पाहिजे." खोल अर्थ सांगणाऱ्या माणसाशी कसं वागावं, हे मी तेव्हापासून शिकलो.

शिवणीच्या फळ्या ते जांभूळ गावच्या एका शेतकऱ्याकडून आणत आणि दोन पावसाळे खाटेखाली मुरायला ठेवत. तिसऱ्या वर्षी त्यावर नाव उमटे. खरं तर जाळून लिहिणं हे एका संध्याकाळचं काम. पण तिकडचा शुक्रवार आडवा यायचा. अंबरनाथ-बदलापूरकडच्या कारखान्यांना सुट्टी रविवारी नसते, शुक्रवारी असते. आणि कारखाने बंद म्हणून तारांची दुरुस्ती काढून वीजही शुक्रवारीच बंद ठेवतात. म्हणजे माणूस मोकळा आणि आयर्न थंड. दुसऱ्या कुणी शिव्या दिल्या असत्या. साडूंनी त्यातून तत्त्वज्ञान काढलं. "जाळणं हे विजेचं काम आहे," ते म्हणत, "पॉलिश माणसाचं." आणि दर शुक्रवारी सकाळी लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून ते गॅलरीत वर्तमानपत्र अंथरून बसत. आधी जुन्या टूथब्रशने अक्षरातली काजळी झाडायची. मग पॉलिशपेपर, खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी इतका बारीक की तो नवा आहे की झिजलेला हे फक्त त्यांनाच कळे. मग रंग. मग चपडालाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाची गुंडी फडक्यात बांधून, गोल गोल हात. मग वाळवण. मग पुन्हा पेपर, म्हणजे मारलेला हात निम्मा उतरवायचा. ही शेवटची पायरी मला कधीच समजली नाही. "उतरवायचाच तर चढवता कशाला?" मी विचारलं. "तुमच्या हापिसात फाइल वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते," ते म्हणाले. "कशाला?"

रंगाच्या बाबतीत बाजारातला डबा त्यांना चालत नसे. पानाचा कात उकळून, त्यात चुन्याची निवळी घालून ते तांबडा रंग करत. हिरड्याच्या काढ्यात गंजके खिळे बुडवून काळा. घरातल्या मोरीशेजारी चार बरण्या कायम असत आणि त्यांतल्या एकीतही लोणचं नसे. पिवळसर तपकिरी रंगासाठी त्यांचा भरवसा चहावर होता. एका रविवारी संध्याकाळी अक्काने, म्हणजे माझ्या मेव्हणीने, माझ्यापुढे चहाचा कप ठेवला. मी तो तोंडाशी नेणार एवढ्यात साडू म्हणाले, "थांबा. पिऊ नका." मी दचकून कप खाली ठेवला. त्यांनी आतून एक फळीचा तुकडा आणला, कपाशेजारी धरला, कप उजेडात फिरवून पाहिला आणि उचलून गॅलरीत घेऊन गेले. "हा असा रंग रोज जमत नाही," ते जाता जाता म्हणाले. अक्काने दुसरं आधण ठेवलं. त्या घरात पाहुण्यांसाठी चहा दोनदा टाकायची पद्धत होती, ती अशी पडली.

हवामानाचं तर त्यांचं स्वतंत्र पंचांग होतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा दमट, लाखेवर पांढरा ढग येतो. ऑक्टोबरात वीटभट्ट्यांची तयारी सुरू होते, धूळ उडते. थंडीत स्पिरिट आळसावतं. मे महिन्यात कपाळाचा घाम टपकतो. उरलेल्या दिवसांत वारा कारखान्यांकडून आला तर त्याला वास असतो आणि तो वास लाखेत बसतो. एवढी गाळणी लावल्यावर वर्षाला जे चार-दोन शुक्रवार उरत त्यांवर त्यांचा सगळा संसार. पाटी वाळली की नाही हे ते बोटाने कधी पाहत नसत. "बोटाला घाम असतो. ओठ खोटं बोलत नाही." त्यामुळे सकाळी दूधवाला येई तेव्हा हा भारदस्त, मिशीवाला गृहस्थ गॅलरीत उभा राहून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नावांचे डोळे मिटून मुके घेताना दिसे. "सगळ्या बिल्डिंगचे झाले," अक्का आतून म्हणे, "आता माझा नंबर कधी लागतो बघू." मग तिच्या लक्षात येई की मी बसलोय. मग ती म्हणे, "पाटीचं म्हणतेय मी."

स्पिरिट आणि लाख ते उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या एका सिंधी शेठकडून आणत. शेठचा फर्निचरचा कारखाना होता आणि साडूंकडे तो एखाद्या साधूकडे पाहावं तसा, आदराने आणि थोड्या काळजीने पाहायचा. एकदा मी बरोबर होतो. "साईं," शेठ म्हणाला, "हम पूरा बेडरूम सेट तीन दिन में चमका के टेम्पो में चढ़ा देते हैं। तुम्हारा ये बित्ताभर फट्टा कब सूखेगा?" साडू म्हणाले, "शेठ, आपका सेट कितना साल टिकता है?" "वो गिराहक को मालूम।" "मग गिराहक परत येत नाही?" "आता है ना, हमारे पासइच आता है। नया लेने।" दोघेही एकमेकांकडे पाहून समाधानाने हसले. वादात दोन्ही बाजू जिंकल्याचं मी पाहिलेलं ते एकमेव उदाहरण.

त्यांचा सगळ्यात ठाम सिद्धांत पाठीचा होता. पाटीच्या दर्शनी बाजूला जितके हात मारायचे तितकेच मागच्या, भिंतीला टेकणाऱ्या बाजूला मारायचे. एकही कमी नाही. "पाठ कोण बघतंय?" असं कुणी विचारलं की ते दुखावत. "लाकूड बघतं ना. तोंडाला लाख आणि पाठ कोरडी ठेवली की हवेतला दमटपणा एकाच बाजूने आत जातो. मग फळी वाकते. दोन्हीकडे सारखं दिलं पाहिजे. दिलं तर दोन्हीकडे, नाहीतर कुठंच नाही." हे शास्त्र खरं आहे, मी नंतर एका सुताराला विचारून खात्री केली. फक्त त्यामुळे काम बरोबर दुप्पट होतं, ही बाब साडूंच्या नजरेतून सुटली होती.

एवढं सगळं असूनही त्यांच्या बिल्डिंगमधल्या बारापैकी अकरा दारांवर त्यांच्याच हातच्या पाट्या होत्या, याचं नवल वाटेल. त्यांच्या हातून पाटी सुटण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे पळवून नेणं. पहिल्या मजल्यावरचे मास्तर "मुलीला बघायला पाहुणे येतायत, दोन तास लावतो आणि आणून देतो" म्हणून घेऊन गेले. मुलीला दोन मुलं झाली तरी पाटी परत आली नाही. साडू जिना उतरताना दर वेळी त्या पाटीपुढे थांबून नुसते बघत. मास्तर कडी लावून घेत. अपवाद वॉर्डातल्या नगरसेवकांचा. निवडून आल्या आल्या ते स्वतः आले आणि नावाखाली लिहायच्या पदव्यांची यादी देऊन गेले. समाजभूषण, कार्यसम्राट, कुठल्या कुठल्या मंडळांचं अध्यक्षपद आणि शेवटी ठसठशीत 'नगरसेवक'. साडूंनी सगळं लिहिलं, फक्त 'नगरसेवक'च्या डावीकडे दोन अक्षरांएवढी जागा मोकळी सोडली. साहेबांच्या माणसाने विचारलं, हे मधेच रिकामं का? "राहू दे," साडू म्हणाले. "लागेल." मग हातावर हात चढत राहिले आणि पाटी लाखेच्या उजेडात झळाळायला लागेपर्यंत पुढची निवडणूक होऊन साहेब पडले. साडूंनी आयर्न तापवलं आणि त्या जागेत 'माजी' लिहिलं. ते इतकं बेतशीर बसलं की जणू पहिल्यापासून होतं. त्या दोन अक्षरांना मात्र त्यांनी चार हात जास्त मारले. "नगरसेवक पाच वर्षांचा असतो," ते मला म्हणाले, "माजी कायमचा."

बाराव्या दारावर काही नव्हतं. ते त्यांचं स्वतःचं दार. खरं म्हणजे अक्काचं, कारण खोली तिच्या नावावर होती. अक्का उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात नर्स. पालेगावच्या रस्त्यावरच्या चाळींमधून कुणाला इंजेक्शन द्यायचं असो, कुणाच्या पायाचं ड्रेसिंग बदलायचं असो, माणसं तिला शोधत यायची आणि बिल्डिंगमधली सगळी दारं ठोठवायची. शेवटी शेजाऱ्यांनी पत्ता ठरवून टाकला, "ज्या दारावर पाटी नाही ते नर्सबाईंचं." पोस्टमन तर म्हणाला, "ताई, आता लावूच नका. माझा गोंधळ होईल." अक्का हसली, पण हिला, म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीला, तिने नंतर सांगितलं की त्या दिवशी ते हसू तिला जड गेलं.

कारण तिची पाटी साडूंनी सगळ्यात आधी लिहायला घेतली होती, खोलीत राहायला आले त्याच वर्षी. तिचं पूर्ण नाव, वर 'सौ.' नाही, खाली 'परिचारिका'. नऊ वर्षं ती खाटेखाली होती. दुसऱ्यांना आपापली पाटी पळवता यायची. अक्का पळवून नेणार कुठे, त्याच घरात? आणि पाटीची वाट तिच्यापेक्षाही जास्त दुसरंच कुणीतरी बघत होतं. ते आमचे सासरे.

सासरे रेल्वेत गँगमन होते, निवृत्त होऊन बीडकडच्या आपल्या गावी राहत. त्या गावात त्यांच्या वस्तीतल्या एकाही घराला पाटी नव्हती. तिथल्या माणसाला हाक मारायला गावाला त्याचं नाव लागत नसे, वस्तीचं पुरायचं. छप्पन सालानंतर वस्तीत रात्रीचा वर्ग निघाला. तिथे तिशीच्या वयात ते अक्षरं शिकले आणि मग जे दिसेल ते मोठ्याने वाचत सुटले. दुकानांच्या पाट्या, औषधांच्या बाटल्या, दगडावरचे मैल. दर सहा डिसेंबरला ते दादरला यायचे आणि तिथून आठ दिवस अंबरनाथला लेकीकडे. जिना चढताना एकेका दारापुढे थांबून जावयाच्या हातच्या पाट्या वाचायचे, तब्येतीत, दाद देत: "ह्यो 'र' लई झ्याक काढलाय जावईबापूंनी." आणि तिसऱ्या मजल्यावर लेकीच्या दारापुढे आले की थांबायचे. कोऱ्या दाराकडे बघत म्हणायचे, "हितं काय न्हाई." तक्रार म्हणून नाही, जे दिसेल ते वाचायची सवय, म्हणून. साडू म्हणायचे, "बाबा, एक हात राहिलाय."

मग सासऱ्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. अक्काला या गोष्टी कळत होत्या. तिने कुणाला खोटा दिलासा दिला नाही. एक डोळा गेलाच होता, दुसरा किती दिवस राहील ते सांगता येत नव्हतं. त्या डिसेंबरात जाताना ते जिन्यावरून म्हणाले, "पुढच्या सालाला डोळं असतील का न्हाई." साडूंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी स्वतः पाहिलं. त्यांनी त्याच आठवड्यात पाटी खाटेखालून काढली, आणि आपण कसं घाई न करता पण न थांबताही काम करणार आहोत, हे मला अर्धा तास समजावून सांगितलं. मी ऐकत होतो आणि मला आमच्या कचेरीतल्या 'अत्यंत तातडीचे' असा शिक्का मारलेल्या फायली आठवत होत्या.

वर्षभर ते खरोखर बसले. एकही शुक्रवार चुकवला नाही. नोव्हेंबरात पाटी इतकी देखणी झाली की अक्काने पितळी स्क्रू आणून ठेवले. आणि डिसेंबरातल्या पहिल्या शुक्रवारी साडूंना दिसलं की काताचा रंग 'ल'च्या चरेत किंचित उतरलाय. किंचित म्हणजे किती, ते मला कधी कळलं नाही. दुसऱ्या कुणाला तो दिसलाच नव्हता. अक्का दुपारी ड्यूटीवरून आली तेव्हा साडू गॅलरीत पॉलिशपेपर घेऊन बसले होते, गुडघ्यापर्यंत तांबूस भुकटीत. नऊ वर्षांचे सगळे हात उतरून वर्तमानपत्रावर पडले होते. पाटी पहिल्या दिवसासारखी कोरी, पांढरी. पुढून आणि मागूनही, कारण न्याय दोन्ही बाजूंना सारखा. "लाइट आली की अक्षर पुन्हा जाळून घेतो," ते म्हणाले. "रुसू नकोस. या वेळी नीट होणार." अक्का रुसली नाही. ती आत गेली. साडूंना वाटलं, समजूत पटली.

शनिवारी त्यांनी अक्षरं पुन्हा जाळली. रविवारी पाटी पुन्हा खाटेखाली ठेवली. सोमवारी सहा डिसेंबर. साडू पहिल्या पाळीला गेले. अक्काने खाटेखालून पाटी काढली. पितळी स्क्रूंना आधी भोकं पाडावी लागतात, तेवढा धीर तिच्याकडे शिल्लक नव्हता. तिने कॅलेंडरचे दोन खिळे उपटले आणि खलबत्त्यातल्या बत्त्याने पाटी दारावर ठोकली. रंग नाही, लाख नाही, अक्षरातली काजळी झाडलेली नाही. एका खिळ्यापाशी फळीला बारीक चीरही गेली. मग हात धुऊन ती भात टाकायला गेली.

मी सासऱ्यांना दादरहून घेऊन तिसऱ्या प्रहरी पोचलो. त्या वर्षी त्यांनी जिन्यात एकही पाटी वाचली नाही. एक हात कठड्यावर, एक माझ्या खांद्यावर. पायऱ्या मनात मोजत होते, कारण तिसऱ्या मजल्यावर माझ्या सांगण्याआधी थांबले. खालून कुणीतरी भरभर चढत येत होतं. साडू होते, हातात डबा, पाळी सुटल्यावर सासऱ्यांना भेटायला घाईने निघालेले. ते शेवटच्या वळणावर आले आणि त्यांना दार दिसलं. मी त्यांचा चेहरा पाहिला. आपलं मूल कुणी उघडंनागडं चौकात उभं केलेलं दिसावं तसा तो झाला होता. त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात सासऱ्यांनी कडी वाजवायला हात पुढे केला आणि तो पाटीवर पडला.

बोटं थांबली. मग पहिलं बोट चरेत शिरलं आणि चालायला लागलं. सावकाश, वळणावळणाने, तिशीत शिकलेल्या माणसाचं असतं तसं.

"वि," ते म्हणाले. मग, "म." मग बराच वेळ त्या 'ल'मध्ये, ज्यासाठी नऊ वर्षं उतरवली होती. "ल. विमल."

दार उघडून अक्का उभी होती. हातात पळी.

"फुडं?" ते स्वतःलाच म्हणाले आणि पुढे गेले. साडूंचं नाव आलं, मग आडनाव. तिथे थांबून त्यांनी बोट अंगठ्यावर घासलं. "ओलं हाय का अजून?"

"नाही बाबा, काजळी आहे," साडू कसेबसे म्हणाले. "ती झाडायची राहिलीय. अजून काहीच झालं नाही. एक हात..."

"आता काय लावू नगा, जावईबापू," सासरे म्हणाले. "लावलं तर बुजंल. मग मला कसं गावंल?"

त्या आठ दिवसांत ते रोज सकाळ-संध्याकाळ दाराबाहेर जाऊन पाटी वाचून येत. बोट काळं होई, अक्का फडक्याने पुसे. साडू दोनदा पक्कड घेऊन दारापाशी गेले. खिळे तरी काढतो, नीट स्क्रू लावतो म्हणाले. "खिळ्याला हात लावून तर बघा," अक्का म्हणाली. एवढं बोलायची तिच्यावर लग्नानंतर ती पहिलीच वेळ असावी. साडू पक्कड ठेवून बसले. मग मला हळूच म्हणाले, "वाकणार नाही म्हणा. मागेपुढे सारखंच आहे. काहीच नाही." सिद्धांत शाबूत राहिल्याचा त्यांना खरोखरच आधार वाटलेला दिसला.

पाटी वाकली नाही. सासरे त्यानंतर दोन डिसेंबर आले, तिसऱ्याला नाही. इंजेक्शनला येणारी माणसं आता बरोबर दार ठोठवू लागली, आणि पोस्टमनचा गोंधळ होईल होईल म्हणता झाला नाही. कडीशेजारीच असल्याने येणाऱ्या-जाणाऱ्याचा हात पाटीला लागायचा. काही वर्षांत तिला असा काही मऊ, गडद रंग चढला की सिंधी शेठ एकदा घरी आला तेव्हा चष्मा लावून बघत राहिला आणि म्हणाला, "साईं, ये कौन सा पॉलिश है?" साडूंनी विषय बदलला.

मला वाटलं होतं, या प्रकारानंतर साडू घाई करायला शिकतील. ते शिकले, पण वेगळंच. यापुढे प्रत्येक पाटीला ओठाबरोबर बोटाचीही परीक्षा सुरू झाली. डोळे मिटायचे, चरेतून बोट फिरवायचं. नाव बोटाला वाचता आलं नाही, लाखेने अक्षर बुजलं असं वाटलं, की सगळे हात उतरवून पहिल्यापासून. म्हणजे कामाचा वेग होता त्याच्या निम्म्यावर आला. याच नव्या कायद्याखाली माझी पाटी होती. मी बदलापूरला फ्लॅट घेतला तेव्हाच त्यांनी ती लिहायला घेतली होती आणि मी दर रविवारी तिची चौकशी करायचो, आमच्या कचेरीत लोक फायलींची करतात तशीच, उत्तर माहीत असून.

साडू गेले ते जुलैमध्ये, पॉलिशला अगदी निरुपयोगी अशा महिन्यात. दिवसकार्य उरकल्यावर अक्काने फडक्यात गुंडाळलेली पाटी माझ्या हातात दिली. "तुमची आहे, भाऊ. झालीच होती म्हणायची." मग दाराच्या चौकटीकडे बघत म्हणाली, "ते म्हणत होते, एक हात राहिलाय."

मी ती घरी आणली. ही कपाटातून स्क्रू शोधून काढेपर्यंत मी खिडकीपाशी जाऊन फडकं सोडलं. अशी पाटी मी पाहिलेली नाही. लाख चढलेली, पण अक्षर मोकळं. मागची बाजू पुढच्याइतकीच नितळ. मी डोळे मिटले आणि नावावरून बोट फिरवलं. माझं नाव मला लागलं, एकेक अक्षर, न अडखळता. मग आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. मी पाटीला ओठ लावला.

"सापडले स्क्रू," ही आतून म्हणाली. "लावतोस ना?"

बाहेर पाऊस धरलेला होता, हवा दमट होती. मी पाटी पुन्हा फडक्यात गुंडाळली.

"राहू दे," मी म्हणालो. "मला अजून थोडी ओली वाटतेय."